हक्क कोणाविरुद्ध? सीमाभागाच्या इतिहासातील एक प्रश्न

मूलभूत हक्क हा शब्द उच्चारला की बेळगाव-निपाणी परिसरातील माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम सरकार उभे राहते. यास इतिहास कारणीभूत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी महाराष्ट्रास द्यावी आणि बेळगाव म्हैसूरकडेच राहावे अशी शिफारस केली, ती अंमलात आली नाही. २००४ साली महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. शाळेची भाषा, कचेरीतील कागदाची भाषा, पाटीवरील अक्षरे या सर्व प्रश्नांत समोरचा पक्ष सरकार हाच राहिल्याने हक्क म्हणजे सरकारकडे मागावयाची वस्तू, अशी समजूत येथे दृढ झाली आहे. त्या वादाच्या गुणदोषांत शिरण्याचा आमचा हेतू नाही. आमचा प्रश्न त्याहून जुना आहे. ज्याचा हक्क शेजाऱ्याने, गावकीने, मालकाने किंवा स्वतःच्या आईबापांनी हिरावून घेतला, त्याने राज्यघटनेचे कोणते पान उघडावे?

धर्मगुरू व धर्मशिक्षक यांच्याकडे येणारी गाऱ्हाणी बहुधा याच प्रकारची असतात. म्हणून हा प्रश्न केवळ वकिलांचा नाही. त्याचा इतिहास आपण जाणला पाहिजे असे आम्हांस वाटते.

पाणवठ्याचा धडा

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकारी देखरेखीखालील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही स्थाने अस्पृश्यांना खुली असावीत असा त्याचा आशय होता. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच असल्याने हा ठराव येथील गावांनाही लागू होता. शासनाने आपल्याकडून दार उघडले होते. तरी पाणी मिळाले काय?

पुढच्याच वर्षी, १९२४ च्या डिसेंबरात, बेळगाव येथे महात्मा गांधी यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. त्या सुमारास त्रावणकोरात वैकम येथे मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह चालू होता. त्यानंतर काही महिन्यांनी, १९२५ च्या एप्रिलमध्ये, निपाणी येथे मुंबई प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. बेळगावला स्वराज्याचा विचार झाला. निपाणीला जमलेल्यांपुढे प्रश्न होता तो स्वराज्य आले तरी गावच्या पाणवठ्यावरचा माणूस बदलणार काय, हा. एकाच जिल्ह्यात तीन-चार महिन्यांच्या अंतराने भरलेल्या या दोन सभा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे आमचा विषय स्पष्ट होतो. एका सभेचे तोंड सरकारकडे होते, दुसरीचे शेजाऱ्याकडेही होते.

पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे. महाड नगरपालिकेने बोले ठरावास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तळ्यावर गेले तेव्हा त्यांना मारहाण झाली, आणि ती करणारे हात सरकारी नव्हते. नंतर स्पृश्य मंडळींनी दिवाणी न्यायालयात धाव घेतली आणि तळे खासगी असल्याचे व तसा पुरातन रिवाज असल्याचे म्हणणे मांडले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते म्हणणे फेटाळले. घोटभर पाण्याचा निर्णय लागण्यास १० वर्षे लागली. ‘खासगी’ हा शब्द अन्यायाच्या संरक्षणार्थ कसा वापरला जातो, याचे हे नमुनेदार उदाहरण होय.

या अनुभवाचे सार डॉ. आंबेडकरांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुणे येथे रानडे यांच्यावरील व्याख्यानात मांडले. हक्कांचे खरे रक्षण कायद्याकडून होत नसून समाजाच्या नैतिक सदसद्विवेकाकडून होते, आणि समाजच एखाद्या हक्काच्या विरोधात उभा राहिला तर कायदा, संसद व न्यायालये ही तिन्ही दुबळी ठरतात, असा त्यांचा आशय होता. पुढे ज्यांच्या हातून राज्यघटनेचा मसुदा सिद्ध झाला त्यांचेच हे मत असल्याने त्यास विशेष महत्त्व आहे.

घटनाकारांनी काय केले

हक्कांच्या सनदा जगात प्रथम राजसत्तेला आवर घालण्यासाठी लिहिल्या गेल्या. अमेरिकेत यादवी युद्धानंतर चौदावी घटनादुरुस्ती होऊन समान संरक्षणाचे वचन मिळाले. पण १८८३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, ही दुरुस्ती राज्यांना बांधते. खाणावळीचा, रेल्वेचा किंवा नाटकगृहाचा मालक काळ्या माणसाला दाराबाहेर ठेवील तर त्यास ती बांधत नाही. ते दार कायद्याने उघडण्यास १९६४ साल उजाडावे लागले.

आपल्या घटनाकारांनी हा मार्ग पूर्णतः स्वीकारला नाही. राज्यघटनेच्या तिसऱ्या भागातील बहुतेक अनुच्छेद शासनास उद्देशूनच आहेत, आणि ‘राज्य’ म्हणजे कोण हे अनुच्छेद १२ सांगतो. परंतु काही अनुच्छेद त्यांनी मुद्दाम निराळ्या रीतीने लिहिले. अनुच्छेद १५ चे दुसरे कलम दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या बाबतीत कोणत्याही नागरिकास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून अटकाव होऊ नये असे म्हणते. यांपैकी दुकान आणि उपाहारगृह तर बहुधा खासगी मालकीचेच असते. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर करतो व तिचे आचरण निषिद्ध ठरवितो. ते आचरण कोणी करू नये हे तो सांगतच नाही, म्हणजेच कोणीही करू नये. अनुच्छेद २३ माणसांचा व्यापार, वेठबिगार व सक्तीची मजुरी यांस मनाई करतो. अनुच्छेद २४ चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात, खाणीत वा धोक्याच्या कामावर लावू देत नाही.

अस्पृश्यतेविषयीचा अनुच्छेद घटना समितीने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत केला. त्याच दिवशी सार्वजनिक स्थानांविषयीच्या कलमावर चर्चा झाली. ‘दुकान’ या शब्दात न्हावी, धोबी यांची जागा येते काय असे विचारले गेले. तो शब्द व्यापक अर्थाने वापरला असून मोबदला घेऊन सेवा देणारे सर्व त्यात येतात, असे उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिले. स्मशानभूमी व दफनभूमी यांविषयीही पृच्छा झाली. ती भूमी सर्वस्वी वा अंशतः सार्वजनिक निधीवर चालत असेल तर तीही या कलमात येईल, असे त्यांनी सांगितले. दफनभूमीचा हा उल्लेख आम्ही हेतुपुरस्सर केला आहे. त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

अस्पृश्यतेच्या गुन्ह्याला शिक्षा ठरविण्याचा अधिकार घटनेने केवळ संसदेकडे ठेवला. मुंबई प्रांतात सामाजिक निर्बंध दूर करणारा १९४६ चा कायदा होताच. संसदेचा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा १९५५ साली झाला. १९७६ साली तो अधिक कडक होऊन त्यास नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले.

न्यायालयांची वाटचाल

न्यायालयांनी आरंभी रेषा ठळकपणे आखली. १९५१ साली एका भागधारकाने, तेव्हा खासगी असलेल्या सेंट्रल बँकेने आपले भाग विकून आपला मालमत्तेचा मूलभूत हक्क मोडला, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयात नेली. हा हक्क शासनाविरुद्ध आहे, खासगी पक्षाविरुद्धची दाद सामान्य कायद्याने मागावी, असे न्यायालयाने सांगितले. ही रेषा निरर्थक नाही. प्रत्येक घरगुती व व्यापारी तंट्यात घटना आणली तर घटनेचेही मोल राहणार नाही आणि घराचेही.

दुसऱ्या बाजूचे महत्त्वाचे पाऊल १९८२ साली पडले. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवर ठेकेदारांनी राबविलेल्या मजुरांचा प्रश्न एका नागरी हक्क संघटनेने सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. न्या. भगवती यांनी दिलेल्या निर्णयात दोन गोष्टी ठरल्या. पहिली, अनुच्छेद १७, २३ व २४ यांतील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही चालतात, आणि कोणी खासगी व्यक्ती ते मोडीत असेल तर तिला रोखणे हे शासनाचे घटनात्मक कर्तव्य ठरते. दुसरी, किमान वेतनाहून कमी मजुरीवर केलेले काम हे सक्तीच्या मजुरीत मोडते, कारण भूक हीदेखील सक्तीच आहे.

१९९२ साली कर्नाटकातील एका खेड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. नव्याने खोदलेल्या कूपनलिकेचे पाणी घेण्यास दलितांना गावातील काहींनी धाक दाखवून अटकाव केला होता. खालच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा उच्च न्यायालयाने रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. निपाणीच्या परिषदेस तोवर ६७ वर्षे झाली होती. विहिरीच्या जागी कूपनलिका आली होती, अडविणारे हात मात्र तेच होते. अलीकडे, ३ जानेवारी २०२३ रोजी, पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने बहुमताने असे म्हटले की, अनुच्छेद १९ व २१ मधील हक्कदेखील शासनाव्यतिरिक्त इतरांविरुद्ध बजावता येऊ शकतात. एका न्यायमूर्तींनी या मुद्द्यावर भिन्न मत नोंदविले. म्हणजे प्रश्न अद्याप पुरता मिटलेला नाही. त्याचा रोख मात्र कोणत्या दिशेस आहे ते दिसते.

निपाणीच्या तंबाखूत दोन्ही बाजू

हे सर्व निर्णय दिल्लीतील. त्यांचा अर्थ पाहावयाचा तर निपाणीसारखी जागा नाही. १९८१ च्या मार्चमध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी व प्रा. सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगलोर महामार्ग अडविला. ६ एप्रिल रोजी पोलिसांनी केलेल्या गोळीबारात १२ शेतकरी मृत्युमुखी पडले. येथे प्राण घेणारा हात शासनाचा होता आणि जीविताचा हक्क सांगणाऱ्या अनुच्छेद २१ चा प्रश्न सरळ उभा होता. परंतु शेतकरी रस्त्यावर का आले? त्यांच्या मालाचा भाव व्यापारी ठरवीत होते म्हणून. भावाची नाडी खासगी हातांत होती, बंदूक सरकारी हातांत.

याच वर्षांत त्याच गावात दुसरी चळवळ चालू होती. तंबाखूच्या वखारींत धुरळ्यात बसून पाने निवडणाऱ्या, चाळणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या स्त्रिया संघटित होत होत्या. युगांतर नावाच्या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ च्या सुमारास त्यांच्या लढ्यावर अनुबोधपटही काढला. या स्त्रियांसमोर पोलीस किंवा मंत्री नव्हता. मालक, मुकादम व ठेकेदार होते. संसदेने १९६६ साली विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला होता. तथापि, काम घरोघरी वाटले गेले की मालक कोण आणि कामगार कोण हेच धूसर होते, आणि वळलेल्या विड्यांपैकी काही खराब ठरवून त्यांचे पैसे कापले गेले तर दाद कोणाकडे मागावी हे कळत नाही. आशियाई स्पर्धांच्या निकालाने जे तत्त्व सांगितले ते या स्त्रियांना लागू केल्यास, कमी दिलेली मजुरी ही दोन पक्षांतील खासगी बाब राहत नाही. तो अनुच्छेद २३ चा भंग ठरतो.

याहून दारुण प्रश्न देवदासींचा. सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर बेळगाव जिल्ह्यातच आहे, आणि निपाणी-गडहिंग्लज भागातील अनेक घरांतून मुली देवीला सोडल्या गेल्या. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला, आणि कर्नाटकाने १९८२ साली अर्पणास बंदी करणारा नवा कायदा केला. मुलीच्या गळ्यात दर्शन बांधण्याचा हुकूम शासनाने कधी दिला नव्हता. तो दिला आईबापांनी, नवसाने, जटेच्या भीतीने आणि दारिद्र्याने. येथे हक्क हिरावणारे व हक्क गमावणारी एकाच घरात राहतात, म्हणून फिर्याद देण्यास कोणी पुढे येत नाही. कायदा असूनही प्रथा पुढे अनेक वर्षे का टिकली, याचे एक उत्तर येथे आहे.

या तिन्ही उदाहरणांतून एक गोष्ट निष्पन्न होते. शेजाऱ्याने केलेला अन्याय आणि सरकारने केलेला अन्याय यांमधली भिंत वाटते तितकी जाड नाही. कायदा असताना पोलीसपाटलाने कानावर घेतले नाही, ठाण्यात फिर्याद नोंदली गेली नाही, कामगार निरीक्षक वखारीत गेला नाही, की तोच खासगी अन्याय शासनाचा होतो. व्यवहारात याचा अर्थ असा : अस्पृश्यता, वेठ, बालमजुरी यांविषयी पहिली दाद पोलीस ठाण्यात किंवा कामगार खात्याकडे मागावयाची, आणि ते गप्प बसले तर त्यांच्या गप्प बसण्याविरुद्ध अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाकडे जाता येते. २००८ पासून धारवाड येथे उच्च न्यायालयाचे पीठ असल्याने त्यासाठी आता बंगळूरची वाट धरावी लागत नाही.

ख्रिस्तसभा कोणत्या बाजूस?

ख्रिस्तसभा म्हणजे शासन नव्हे. आपले धर्मग्राम, वसतिगृहे, दवाखाने यांना अनुच्छेद १२ चे ‘राज्य’ कोणी म्हणणार नाही. अनुच्छेद २६ व ३० यांनी आपल्या संस्था चालविण्याचे स्वातंत्र्य आपणांस दिले आहे, आणि ते आपण शासनाविरुद्ध जागरूकतेने जपतो. परंतु जे अनुच्छेद सर्वांना बांधतात ते आपणांसही बांधतात. शासनाचे अनुदान घेणाऱ्या शाळेला जातीच्या किंवा भाषेच्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, हे अनुच्छेद २९ सांगतो. मंडळीच्या सेवकाला, वसतिगृहातील स्वयंपाकिणीला, शाळेच्या शिपायाला किमान वेतनाहून कमी देऊन त्यास सेवाभाव म्हणता येत नाही.

अस्पृश्यतेच्या बाबतीत तर आपली जबाबदारी दुहेरी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची गणना प्रथम हिंदूंपुरती ठेवली. पुढे १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध यांचा समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा झालेला नाही. त्यामुळे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यांच्या मदतीस येत नाही. पण अनुच्छेद १७ कोणाच्याही धर्माचा उल्लेख करीत नाही. नागरी हक्क संरक्षण कायदाही ‘कोणत्याही व्यक्ती’विषयी बोलतो. फरक इतकाच की, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणाने झाले असे न्यायालय गृहीत धरते. ख्रिस्ती दलिताला ते पुराव्याने दाखवावे लागते. म्हणजे त्याला साक्षीदारांची गरज अधिक. तो साक्षीदार धर्मगुरू किंवा धर्मशिक्षक नसेल तर कोण असणार? बाप्तिस्मा घेतल्यावर कायद्याचे सर्व छत्र गेले, असे जे अनेक कुटुंबांत मानले जाते, ते खरे नाही, हे त्यांना सांगणे आपले काम आहे.

आता दफनभूमीविषयी. देशात काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही जातीची भिंत उभी राहिली, आणि भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध करताना ख्रिस्तसभेतील जातिभेद उघडपणे मान्य केला. डॉ. आंबेडकरांच्या उत्तरात सार्वजनिक निधीची अट होती, मंडळीच्या खासगी भूमीत सरकारी पैसा नसेल, असा युक्तिवाद कोणी करील. महाडच्या वादींनीही तळे खासगीच म्हटले होते. शिवाय अनुच्छेद १७ निधीची अट घालीत नाही. आणि श्रद्धेच्या न्यायालयात तर हा युक्तिवाद क्षणभरही टिकणार नाही.

येथे ख्रिस्ती विचाराची भर कोणती? पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांविषयीचे परिपत्र काढले तेव्हा मजुराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न त्यांनी सरळ मालकाच्या सदसद्विवेकापुढे ठेवला. मजूर कबूल झाला एवढ्यावरून करार न्याय्य ठरत नाही, हे त्यांनी निक्षून सांगितले. पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ सालच्या शांतिविषयक परिपत्रात प्रत्येक हक्काच्या जोडीला दुसऱ्यावरील कर्तव्य ठेवले. माझ्या हक्काचा उगम माझ्या मानवी प्रतिष्ठेत असेल, आणि ती परमेश्वराच्या प्रतिमेतून आली असेल, तर तिच्यापुढे सरकार आणि शेजारी असा भेद उरत नाही; दोघेही तिचे देणेकरी होत. चांगल्या शमरोन्याच्या दाखल्यात वाटसरूला लुटणारे लुटारू होते आणि त्याला ओलांडून जाणारे धर्मसेवक होते. रोमी शिपाई त्या कथेत नाही. प्रभूने तेथे हक्काचा प्रश्न सत्तेकडे नेलाच नाही. शेजारी कोण ठरला, एवढेच विचारले.

म्हणून आमचे म्हणणे असे की, सीमाभागातील आपल्या मंडळ्यांत हक्कांचे शिक्षण दोन हातांनी द्यावे. एका हाताने शासनाविरुद्धचे हक्क शिकवावेत, कारण १९८१ चा गोळीबार विसरण्याजोगा नाही. दुसऱ्या हाताने अनुच्छेद १५ चे दुसरे कलम, १७, २३ व २४ हे चार पाठ मराठीत व कन्नडात वाचून दाखवावेत, आणि प्रत्येकापुढे विचारावे : हे माझ्याविरुद्ध कोणाला वापरता येईल काय? शेतमालकाने विचारावे, घरकामास मुलगी ठेवणाऱ्या गृहिणीने विचारावे, धर्मग्राम समितीने विचारावे. हक्क कोणाविरुद्ध, याचे उत्तर देताना जो स्वतःचे नाव वगळीत नाही, त्याच्याच तोंडी सरकारविरुद्धची मागणी शोभते.